पोरीनं शाळेतली खिचडी खाल्ली, चुकलं कुणाचं?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत)

सोलापूरच्या एका ताईंचं पत्र आहे. त्या टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर आहेत, महिन्याला ७,५०० रुपये. नवरा टेम्पो चालवतो, त्याचे बारा-तेरा हजार होतात. घरात सासूबाई. मुलगी सहावीत, घराजवळच्या अनुदानित मराठी शाळेत. मुलगा दुसरीत, खासगी इंग्रजी शाळेत; तिथे फीचे दोन हप्ते थकलेत. रेशन कार्ड केशरी आहे, पण त्यावर धान्य मिळत नाही.

ताईंनी मुलीला पहिलीपासून बजावलेलं, ‘शाळेतली खिचडी खायची नाही, ती गरिबांसाठी असते, आपण कमावून खातो.’ रोज पहाटे उठून त्या डबा करून देतात. गेल्या महिन्यात कळलं, की मुलगी गेलं वर्षभर रोज शाळेत जेवते आहे आणि डबा मैत्रिणींना वाटून टाकते आहे. विचारल्यावर ती आधी खोटं बोलली. रागाच्या भरात ताईंनी तिला मारलं. तेव्हापासून ती घरात धड बोलत नाही. सासूबाईंचं वेगळंच: ‘कुणाच्या हातचं खाते ती, आणि तो प्लास्टिकचा तांदूळ!’

ताई विचारतात: आम्ही दोघं कमावतो, मग आमची मुलगी या जेवणाला पात्र आहे का? उद्या कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला आणि आमचं केशरी कार्डच गेलं तर? एखाद्या गरजू मुलाचा घास आम्ही खाल्ला असं तर होत नाही ना? आणि मुलाची फी झेपत नाही, त्यालाही याच शाळेत घालावं का? ‘लोक म्हणतील, खिचडीसाठी शाळा बदलली.’

उत्तर

ताई, आधी नियमाचं बोलू, कारण तुमची झोप त्यानं उडालेली दिसते. मूल पहिली ते आठवीत असलं आणि शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची, नगरपालिका-महापालिकेची किंवा अनुदानित असली, की शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशी त्याला एक वेळचं शिजवलेलं जेवण मोफत मिळायला हवं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात हे कलम ५ मध्ये लिहिलेलं आहे. त्या कलमात आईबापाच्या पगाराचा उल्लेख नाही. रेशन कार्डाचा रंग नाही, जात नाही, दाखला नाही. तुमची मुलगी सहावीत आहे आणि तिची शाळा अनुदानित आहे, एवढ्यावर तिचं ताट ठरलं. तुम्ही कारखान्यात मुकादम झालात आणि पगार दुप्पट झाला तरी ते ताट हलत नाही.

त्यामुळे कार्डाची भीती डोक्यातून काढून टाका. शाळेच्या जेवणासाठी उत्पन्नाचा दाखला मागण्याचं कुणाला कारणच नाही. प्रवेशाच्या वेळी शाळा रेशन कार्डाची झेरॉक्स घेते ती पत्त्यासाठी. आधारचंही तसंच. शाळा ऑनलाइन नोंदीसाठी तो मागते, पण आधार नाही म्हणून मुलाला उपाशी ठेवता येत नाही. २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या लाभांबाबत हे स्पष्टच सांगितलंय.

तुमची भीती मात्र हवेतून आलेली नाही, हे मी जाणून आहे. आपल्याकडे सरकारी दारात गेलं की पहिला प्रश्न ‘उत्पन्न किती?’ हाच असतो. पिवळं कार्ड वर्षाला १५,००० पर्यंतच्या घराला, केशरी एक लाखापर्यंत, त्यावर पांढरं. रेशनच्या धान्याच्या प्राधान्य यादीत यायचं तर शहरात वर्षाचं उत्पन्न ५९,००० च्या आत हवं, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. दोन माणसं राबणाऱ्या कुठल्या घरात एवढंच येतं? त्यामुळे होतं काय, की जे रोज कामावर जातात तेच यादीबाहेर राहतात. गरीब म्हणावं तर कागद मानत नाही आणि ऐपतदार म्हणावं तर महिन्याची वीस तारीख उजाडली की उसनवारी. अशा घरातल्या बाईला ‘हे आपल्यासाठी नसणार’ असं आपोआप वाटायला लागतं. तुम्ही तीच सवय शाळेच्या ताटाला लावलीत. हे ताट मात्र त्या रांगेतलं नाही.

उत्पन्नाची रेघ ओढली की काय होतं ते पाहायचं तर इंग्लंडकडे बघा. तिथे सुरुवातीचे लहान वर्ग सोडले तर शाळेत मोफत जेवण मिळायला मुलाच्या घराला काही ठरावीक सरकारी मदत मिळत असावी लागते. एप्रिल २०१८ पासून त्यावर आणखी एक अट आली: युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी कमाईच्या घरांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्या घराची कामातून हाती येणारी कमाई वर्षाला ७,४०० पौंडांच्या आत हवी. मूल एक असो की चार, आकडा तोच. म्हणजे आईनं आठवड्याला दोन-चार तास जास्त काम केलं, रेघ ओलांडली, की मुलांच्या जेवणाचे पैसे खिशातून. पगारात वाढलेलं जेवणात गेलं. शेवटी जून २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं जाहीर केलं, की सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट मिळणाऱ्या प्रत्येक घरातल्या मुलाला जेवण मिळेल, कमाईची ती अट जाईल. बाकी अनेक बाबतीत आपण त्यांच्याकडून शिकावं, पण शाळेच्या ताटावर पगाराची अट न घालण्याचं शहाणपण आपल्याकडे आधीपासून आहे.

आता दुसरी शंका, दुसऱ्या मुलाच्या घासाची. ती तुमच्या मनात आली याचं मला कौतुक वाटलं. पण हिशोब तसा चालत नाही. मुख्याध्यापक रोज किती मुलं जेवली याची नोंद वर पाठवतात आणि त्या आकड्यांवर तांदूळ आणि खर्चाचे पैसे ठरतात. सहावीतल्या मुलीमागे १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, पहिली ते पाचवीच्या मुलामागे १००. तुमची मुलगी जेवते तेव्हा तिच्या नावचं धान्य येतं. ती जेवली नाही तर ते धान्य शेजारच्या मुलीच्या ताटात जात नाही, जेवणाऱ्यांच्या नोंदीतला आकडा तेवढा कमी होतो.

उलट एक गोष्ट सांगते, ती जरा कडू आहे. ज्या शाळेत ‘बऱ्या घरची’ मुलं डबा घेऊन वेगळी बसतात तिथे खिचडी हळूहळू ‘त्यांची’ होते. मग तिच्यात डाळ कमी पडली तरी विचारायला कुणी येत नाही, कारण जे विचारू शकतात त्यांची मुलं ती खात नसतात. आणि जी मुलं खातात त्यांना रोज चारचौघांत कळत राहतं, की आपण कोण आहोत. तुमच्या मुलीच्या मैत्रिणी खिचडी खात होत्या ना? त्यांच्यासमोर डबा उघडून बसायचं आणि ‘आई म्हणते हे गरिबांचं असतं’ हे मनात धरून ठेवायचं, हे अकरा वर्षांच्या पोरीला किती जड गेलं असेल याचा विचार करा. तिनं काय केलं? डबा सगळ्यांत वाटला आणि सगळ्यांबरोबर पंगतीला बसली. मला तर यात तुमचेच संस्कार दिसतात.

खोटं ती बोलली, हे खरं. पण खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हेही तिला माहीत होतं, आणि झालंही तसंच. मारल्याबद्दल तुम्ही पत्रात स्वतःला पुरेसं बोल लावून घेतला आहे, मी त्यात भर घालत नाही. फक्त तिला जवळ घेऊन सरळ सांगा, की ‘मला नियम माहीत नव्हता, तू खाल्लंस त्यात काही वाईट नव्हतं, मारलं ते माझं चुकलं.’ लहान मुलांकडे असं कबूल करायला आपल्याकडे मोठ्यांना फार जड जातं. सासूबाईंच्या समोर म्हणालात तर आणखी बरं, कारण शाळेतल्या ताटावरून तिला घरात तेच ऐकावं लागत असणार. खोटं बोलण्याचं वेगळं बोलता येईल, पण आठवड्याभरानं. दोन्ही एका वाक्यात आलं की तिला फक्त दुसरं ऐकू येईल.

सासूबाईंचं म्हणणं दोन भागांत आहे, तर उत्तरही दोन.

प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात तो पोषणयुक्त तांदूळ. गेल्या काही वर्षांपासून शाळेच्या आणि रेशनच्या तांदळात तांदळाच्याच पिठाचे, लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेले दाणे थोड्या प्रमाणात मिसळत आलेत. ते रंगाला जरा वेगळे दिसतात आणि धुताना कधी पाण्यावर तरंगतात, म्हणून गावोगाव ही आवई उठली. काही घरांत बायका ते निवडून टाकतात, म्हणजे सगळ्यात कामाचे दाणेच उकिरड्यावर! वयात येणाऱ्या मुलीला लोह किती लागतं हे सासूबाईंना कुणी पुस्तकातून सांगायची गरज नाही, त्यांनी स्वतः सोसलं असेल.

‘कुणाच्या हातचं’ हा प्रश्न मी गोड शब्दांत गुंडाळणार नाही. तो काय विचारतो हे तुम्हालाही कळतं आणि मलाही. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एकत्र शिजवून एकत्र जेवली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रसुद्धा. त्याला शंभर वर्षं झाली. तुमच्या मुलीला हा प्रश्न पडलेला नाही, तो घरातून तिच्यात जाऊ देऊ नका. आणि ‘आपण कमावून खातो’ म्हणताना तुम्हाला स्वावलंबन अभिप्रेत असेल, तर त्याच कर्मवीरांनी ते ब्रीद केलं होतं. पण त्यांनी पोरांच्या हातात कुदळ दिली ती पोटाची सोय लावून. उपाशी मुलाला स्वाभिमान शिकवण्याचा उद्योग त्यांनी केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

हे जेवण ‘फुकटचं’ वाटतं, तेही जरा तपासून पाहू. तुम्ही साबण घेता, बिस्किटाचा पुडा घेता, मोबाइलचा रिचार्ज मारता, त्या प्रत्येकात कर असतो आणि तो भरताना तुम्हाला कुणी पात्रता विचारत नाही. २००४ मध्ये केंद्रानं करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसवला, तो थेट प्राथमिक शिक्षण आणि शाळेच्या जेवणासाठी म्हणूनच. तुमच्या पैशातून शिजलेलं तुमची पोरगी जेवते आहे.

हा हक्क काही कुणी आपण होऊन दिलेला नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना आली तेव्हा महाराष्ट्रात मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, तोही ८० टक्के हजेरी भरली तर. तुम्ही त्या वयाच्या असाल तर पिशवी घेऊन रांगेत उभं राहिल्याचं आठवेल. तांदूळ घरी गेला की तो घरभर वाटला जातो, मुलाच्या पोटात किती जातो देव जाणे. मग काही लोक कोर्टात गेले. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलंच अन्न द्या, वर्षाचे किमान २०० दिवस. त्यानंतर सहावी ते आठवीचे वर्ग आत आले, मग २०१३ चा कायदा झाला, आणि २०२१ मध्ये योजनेचं नाव बदलून ‘पीएम पोषण’ झालं. नाव काहीही ठेवा, लोक खिचडीच म्हणतात.

आता ते जेवण चांगलं असतं का? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. खरं सांगायचं तर सगळीकडे सारखं नसतं. कागदावर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० आणि १२. काही शाळांत वाफाळतं वरण-भात, उसळ, मटकी मिळते. काही ठिकाणी पिवळं पाणी. शहरांत पुष्कळ शाळांना एकाच मोठ्या स्वयंपाकगृहातून डबे येतात, ते पोचेपर्यंत गार होतात. अंड्याचं तर हसावं की रडावं कळत नाही: २०२३ च्या शेवटी आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय झाला आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचा सरकारी निधी थांबला. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातल्या विषबाधेनं २३ मुलं गेली, ती बातमी कुठल्याही आईच्या डोक्यातून जाणार नाही.

म्हणून ‘खाऊ नको’ म्हणण्याऐवजी एक दिवस अर्धी सुट्टी काढा आणि जेवणाच्या वेळेला शाळेत जा. मुख्याध्यापकांना सांगून जा, भांडायला आल्यासारखं नको. मुलांना वाढण्याआधी जेवणाची चव मोठ्या माणसांनी, त्यात एका शिक्षकानं, घ्यायची असते. ती घेतात का आणि त्याची वही आहे का ते पाहा. ताटात डाळ किती, भाजी काय, पाणी कुठलं, पोरं हात कुठे धुतात हे बघा. आणि स्वतः दोन घास खा. दुसऱ्या दिवशी मुलीशी त्यावर गप्पा मारा, ती तुम्हाला सगळं सांगेल, कुठल्या वारी काय असतं आणि कुठल्या मावशी जास्त वाढतात तेही.

शाळा व्यवस्थापन समिती नावाचा प्रकार तुमच्या शाळेतही असणार. त्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. अनुदानित शाळेत या समितीचं काम सल्ल्यापुरतं असतं, तरी बैठकीत बोललेलं इतिवृत्तात जातं. ही जागा भरायला शाळांना बायका मिळत नाहीत, नावं नुसती कागदावर असतात. तुमच्यासारखी रोज हिशोबानं घर चालवणारी बाई तिथे बसली तर डाळीचा हिशोबही नीट लागेल.

जेवण मिळालंच नाही तर काय, हेही इतर वाचकांसाठी सांगून ठेवते. २०१५ च्या नियमांप्रमाणे शाळा भरलेली असताना जेवण दिलं नाही, मग कारण धान्य संपल्याचं असो वा गॅस किंवा स्वयंपाकी नसल्याचं, तर त्या दिवसाचं धान्य आणि शिजवण्याचा खर्च मुलाला पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायला हवा. सलग तीन दिवस किंवा महिन्यातून पाच दिवस जेवण बंद राहिलं तर कुणाची जबाबदारी ते ठरवावं लागतं. मूल आपण होऊन जेवलं नाही तर मात्र हा भत्ता मागता येत नाही. तक्रार करायची तर आधी मुख्याध्यापकांकडे, लेखी, पोच घेऊन. मग शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, तालुक्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी असतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. तोंडी तक्रारीला काही अर्थ नसतो, हे मी या सदरात इतक्या वेळा लिहिलंय की संपादक हसतात.

आता मुलगा.

इथे मला तुम्हाला एक विचारायचंय, रागावू नका. मुलगी मराठी शाळेत, बिनफीची. मुलगा इंग्रजी शाळेत, फी भरून. हे ठरलं तेव्हा घरात कुणी बोललं का, की असं आपोआपच झालं? तुम्ही एकट्या नाही. कुठल्याही वस्तीत सकाळी रस्त्यावर उभं राहिलं तर व्हॅनमध्ये मुलगे आणि पायी जाणाऱ्या मुली दिसतात. आणि गंमत बघा, की याच वाटणीमुळे मुलगी रोज गरम जेवते आहे आणि मुलगा, ज्याच्यावर एवढा खर्च होतो, त्याला सरकारच्या ताटातलं काहीच नाही. कारण विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा या कायद्यात येतच नाहीत. तिथे तो गरीब असला तरी अपात्र. अगदी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेली मुलंसुद्धा, ज्यांची फी सरकार भरतं, त्यांना तिथे जेवण नाही. एका खोलीत राहणाऱ्या दोन भावंडांपैकी एक पात्र, एक नाही, आणि फरक फक्त शाळेच्या पाटीचा. कमावत्या गरीब घरांची या योजनेतली खरी गळती मला इथे दिसते. पोटाला चिमटा काढून जी आई मुलाला खासगी शाळेत घालते, नेमकं तिच्याच मुलाचं ताट जातं. कायद्यातली ही फट बुजवायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे, पण तोवर तुम्हाला आहे त्या नियमात ठरवायचंय.

तुमचेच आकडे घेते. फी २२,०००. व्हॅनचे महिन्याला ७०० म्हणजे दहा महिन्यांचे ७,०००. झाले २९,०००, म्हणजे तुमचा जवळजवळ चार महिन्यांचा पगार, आणि त्यात पुस्तकं, गणवेश, गॅदरिंगचे कपडे नाहीत. पत्रात तुम्ही लिहिलंय, की घाईच्या दिवशी त्याच्या डब्यात बिस्किटाचा पुडा जातो. असे दिवस आठवड्यातून किती, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मीही विचारत नाही. मुलीच्या शाळेत गेला तर फी नाही, आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत, बहिणीबरोबर चालत जाईल आणि दुपारी शिजवलेलं जेवेल, वर्षाचे निदान २०० दिवस.

तरीही केवळ जेवणासाठी शाळा बदला असं मी म्हणणार नाही. शाळा बदलायची तर शिकवणं पाहून. त्या शाळेच्या तिसरीच्या बाईंना भेटा, वर्गात मुलं किती आहेत ते पाहा, सेमी-इंग्रजी आहे का आणि कुठल्या इयत्तेपासून ते विचारा. मुलाला घरी दोन पुस्तकं द्या, एक इंग्रजी आणि एक मराठी, आणि मोठ्यानं वाचायला सांगा. दुसरी संपत आली तरी इंग्रजीतलं वाचून त्याला अर्थ सांगता येत नसेल, आणि अशी मुलं ढिगानं आहेत, तर तुम्ही २९,००० नेमके कशाचे भरताय ते कळेल. तो तिथे खरंच चांगलं शिकत असेल, रमला असेल, तर हप्ते पाडून मागा, नाही म्हटलं तरी विचारून बघा, आणि डब्याची सोय वेगळी लावा. कारखान्यातल्या दोघी-तिघींची मुलं तिकडेच जात असतील तर आळीपाळीनं डबे करता येतात. बायका हे करतातच, फक्त ठरवून करत नाहीत. ‘आता आरटीईतून प्रयत्न करू’ असं कुणी सुचवलं तर वेळ घालवू नका. तो प्रवेश सुरुवातीच्याच वर्गाला मिळतो, तिसरीला नाही, आणि दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची अट एक लाखाची आहे.

बदलायचं ठरलं तर प्रवेश घेताना एक खात्री करून घ्या: ज्या तुकडीत मुलगा बसणार ती अनुदानित आहे ना. कित्येक संस्थांच्या एकाच आवारात अनुदानित मराठी शाळा आणि स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा शेजारी शेजारी भरतात, पाटीवर संस्थेचं नाव एकच. जेवण अनुदानित शाळेत मिळतं, शेजारच्या इंग्रजी शाळेत नाही. अंशतः अनुदानित असेल तर जेवण मिळतं.

फी थकली म्हणून जुनी शाळा दाखला अडवेल, ही भीती तुम्ही कंसात लिहिली आहे. थकलेले पैसे बुडवावे असं मी सांगत नाही, पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे कलम नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना माहीत असतं. तुम्हालाही माहीत आहे असं त्यांना दिसलं की काम लवकर होतं. ऑनलाइन नोंद एका शाळेतून दुसरीकडे हलवायची असते, तेवढं मात्र दोन्हीकडे पाठपुरावा करून करून घ्या, नाहीतर पटावर नाव नाही म्हणून ताटाचीही पंचाईत होते.

लोक म्हणतील, खिचडीसाठी शाळा बदलली. म्हणतीलच. थकलेली फी भरायला त्यातलं कुणी येणार आहे का? नवऱ्याचं मत तुमच्या पत्रात कुठेच नाही, ते मला जरा खटकलं. शेजाऱ्यांच्या आधी त्यांच्याशी बोला, हा आकडा कागदावर मांडून. मुलगा इंग्रजी शाळेत जातो हे टेम्पोच्या अड्ड्यावर सांगताना त्यांना काय वाटतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. त्याला धक्का न लावता बोलायचं कसं, तेही.

एक गोष्ट मात्र आत्ताच ध्यानात ठेवा. हे जेवण आठवीला संपतं. शेजारच्या कर्नाटकात दहावीपर्यंत देतात, आपल्याकडे नाही. म्हणजे तुमची मुलगी नववीत जाईल तेव्हा, ऐन वाढीच्या वयात, दुपारचं ताट अचानक बंद होईल आणि डबा पुन्हा तुमच्याकडे येईल. तोवर पहाटेचा डबा पूर्ण बंद करू नका, हलका करा. पोळी-भाजीऐवजी मूठभर शेंगदाणे आणि गूळ, एखादं केळं, परवडेल तेव्हा उकडलेलं अंडं. शाळा दहा-साडेदहाला भरते आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत पोट रिकामं राहतं, ते यानं भागेल. मैत्रिणींना ती त्यातलंही वाटणार, तेव्हा दाणे जरा जास्तच द्या.